'द एअरेस'चा शेवट कोणी बदलला, आणि का?

शाईची दौत:

हेन्री जेम्सची 'वॉशिंग्टन स्क्वेअर' (१८८०) वाचून संपवली आणि लगेच विल्यम वायलरचा 'द एअरेस' (१९४९) पाहिला. दोन्ही मनापासून आवडलं, पण दोन्हीतली कॅथरीन एकच बाई आहे हे काही केल्या पटेना.

ज्यांनी वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेवटही सांगावा लागणार आहे, तेव्हा नको असेल त्यांनी इथेच थांबा. न्यूयॉर्कमधले डॉ. स्लोपर हुशार, श्रीमंत, विधुर. एकुलती एक मुलगी कॅथरीन अबोल, साधी. बापाच्या मते तिला ना रूप ना बुद्धी. तिला आईकडून वर्षाला १०,००० डॉलरचं उत्पन्न आहे आणि बापाच्या पश्चात आणखी बरंच मिळणार आहे. मॉरिस टाउनसेंड नावाचा देखणा, कफल्लक तरुण तिला मागणी घालतो. हा पैशासाठी आलाय याबद्दल बापाला शंकाच नाही. घरात राहणारी विधवा लव्हिनिया आत्या मात्र मॉरिसच्या बाजूने नको तितकी लुडबुड करत असते.

कादंबरीत मॉरिस टाळाटाळ करत करत एकदाचा काढता पाय घेतो. डॉक्टर पुढे मृत्युपत्र बदलून बहुतेक पैसा रुग्णालयांना आणि वैद्यकीय शाळांना देऊन टाकतात. वीसेक वर्षांनी मॉरिस परत येतो, ती त्याला शांतपणे नकार देते, आणि आपलं भरतकाम उचलून पुन्हा बसते, जणू जन्मभरासाठी. सिनेमात पळून जायचं ठरलेल्या रात्री मॉरिस येतच नाही. काही वर्षांनी उगवतो, तेव्हा ती त्याला होकार दिल्यासारखं भासवते, रात्री यायला सांगते, आणि तो आल्यावर मोलकरणीला दाराला अडसर घालायला लावते. बाहेर तो दार बडवतोय आणि ही हातात दिवा घेऊन जिना चढतेय.

श्रेयनामावलीवरून कळलं की मधे एक नाटक होतं. मग हा बदल नाटकात झाला की वायलरने केला? जेम्सची कॅथरीन सूड घेणारी नाहीच. टाळ्या मिळाव्यात म्हणून तिचा स्वभाव बदलला असेल तर मला ते खटकतं. आमच्या गटाने एका कादंबरीचं नाट्यरूपांतर करायचं ठरवलंय, लिहायचं माझ्याकडे आलंय, त्यामुळे हा प्रश्न जरा जास्तच डोक्यात बसलाय.

तिसरी घंटा:

बदल नाटकात झाला. रूथ आणि ऑगस्टस गोएट्झ या नवरा-बायकोने ते नाटक लिहिलं. त्यांच्या पहिल्या खर्ड्याचं नाव कादंबरीचंच होतं आणि शेवट चक्क गोड होता. ते ब्रॉडवेपर्यंत, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य रंगभूमीपर्यंत, पोहोचायच्या आधीच आपटलं. मग शेवट फिरवला, नाव बदललं, दिग्दर्शनाला जेड हॅरिस आला आणि २९ सप्टेंबर १९४७ ला बिल्टमोर थिएटरात 'द एअरेस'चा पडदा वर गेला. वेंडी हिलर कॅथरीन, बेसिल रॅथबोन डॉक्टर. ४१० प्रयोग झाले. ऑलिव्हिया डी हॅविलंडने ते नाटक पाहिलं आणि ही भूमिका मला करायचीय म्हणून वायलरला गळ घातली. पटकथा पुन्हा गोएट्झ दांपत्यानेच लिहिली. त्यामुळे तुम्ही पाहिलात तो सिनेमा मुळात नाटकावरचा आहे, कादंबरी त्याच्या एक पिढी मागे.

आता का बदललं ते. मी वर्षानुवर्षं हौशी नाटकांच्या तालमी घेत आलोय आणि कादंबरीवरून नाटक करताना प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी घोडं अडतं: निवेदकाचं काय करायचं? 'वॉशिंग्टन स्क्वेअर'मध्ये सगळ्यात जास्त कोण बोलतं आठवा. कॅथरीन नाही, डॉक्टरही नाही. बोलतो तो निवेदक. तो डॉक्टरांच्या चतुराईला दाद देतो आणि त्याच वाक्यात त्या माणसाचा कोरडेपणा उघडा पाडतो. कॅथरीनच्या मनात काय चाललंय हे तिला स्वतःला सांगता येत नाही, ते तो सांगतो. नाटकात हा माणूस पहिल्या दिवसापासून गैरहजर. त्याच्याकडे जे जे होतं ते कुणाच्या तरी तोंडी, हातात किंवा पायात घालावं लागतं.

लाल पोशाखाचा प्रसंग घ्या. कादंबरीत कॅथरीन सोनेरी झालरीचा लाल साटीनचा झगा घेते. निवेदक सांगतो की तिला बोलता येत नाही म्हणून ती कपड्यांतून बोलू पाहते. बाप टोमणा मारतो की वर्षाला ८०,००० डॉलर मिळत असल्यासारखी दिसतेस. वाचताना आपण दोन्ही ऐकतो, बापाचा टोमणा आणि तिची धडपड. रंगमंचावर नुसता टोमणा उरला तर प्रेक्षक हसेल आणि बापाच्या बाजूचा होईल. म्हणून गोएट्झनी तिथे मेलेली आई आणली. कॅथरीन म्हणते, हा रंग आई घालायची, तुम्हाला आवडेल वाटलं. बापाचं उत्तर असं की तुझी आई गोरी होती, ती त्या रंगावर मात करायची. दोन वाक्यांत कळतं की ही मुलगी जन्मापासून एका मृत बाईशी तुलनेत हरत आलीय. हे जेम्सने पानंच्या पानं समजावलंय. इथे ते एका झग्यावर निभावलं, आणि खोटं कुठेही झालं नाही.

(सिनेमा कृष्णधवल आहे हेही बघा. तो लाल रंग पडद्यावर नाहीच. तो फक्त त्या संवादात आहे, तरी तो पोशाख सगळ्यांना लालच आठवतो.)

मॉरिसने पळ काढणं घ्या. कादंबरीत ते झिरपत झिरपत होतं. कापसाच्या व्यवहारासाठी न्यू ऑर्लिन्सला जायचंय अशी थाप, मग पत्र. वाचायला फार सुंदर, करायला अशक्य. न येणाऱ्या माणसाचं नाटक कसं करणार? गोएट्झनी सगळं एका रात्रीत गोळा केलं. सामान बांधून कॅथरीन दिवाणखान्यात बसलीय. बाहेरून बग्गीचा आवाज येतो, ती उठते. बग्गी न थांबता पुढे जाते. विंगेतल्या एका आवाजावर अख्खा प्रवेश पेललाय. आणि मॉरिस येणार नाही हे आत्याच्या लक्षात कधी येतं? बापाच्या पैशावर आपण पाणी सोडलंय हे कॅथरीनने मॉरिसला आधीच सांगून टाकलंय, हे कळतं तेव्हा. आत्याचा चेहरा पडतो. तिला कळलं, आपल्याला कळलं, कॅथरीनला अजून नाही. नाटक लिहिणाऱ्याने हा प्रवेश स्वतःच्या हाताने उतरवून काढावा असा आहे.

तर शेवट. निवेदक 'जणू जन्मभरासाठी' म्हणतो म्हणून ते भरतकाम भयंकर वाटतं. ते शब्द काढून टाका, मंचावर काय उरलं? एक बाई विणायला-टाचायला बसली. पडदा पाडणार कशावर? गोएट्झनी भरतकाम टाकून दिलं नाही, ते उलटं फिरवलं. आधी एका भांडणात बाप तिला सांगतो की तुझ्यात घेण्यासारखं काही नाही, हं, भरतकाम तेवढं नीटनेटकं करतेस. मग शेवटच्या रात्री ती बाराखडीसारखी इंग्रजी मुळाक्षरं भरत बसलीय, 'झेड'पर्यंत आलीय. मॉरिस दारात येतो तेव्हा ती शेवटचा टाका घालून धागा कापते. जेम्सची कॅथरीन ते काम उचलते, यांची कॅथरीन ते संपवते. तीच वस्तू, तीच बाई, तोच दिवाणखाना. टाळ्यांसाठी केलेलं काम इतकं काळजीपूर्वक कुणी करत नाही.

अबोली:

'तिसरी घंटा', तुमचं विश्लेषण पटलं, पण कादंबरीच्या बाजूने मला भांडायचंच आहे.

त्या बदलात मधल्या काळाचं अंतर हरवलं. जेम्सच्या कादंबरीत मॉरिस परत येतो तेव्हा तो अंगाने सुटलाय, दाढी वाढलीय, आणि कॅथरीन चाळिशी ओलांडलेली आहे. मधल्या काळात तिला दुसऱ्या स्थळांनी मागणी घातली, तिने ती नाकारली. गावातल्या तरुण मुली आपल्या प्रेमाच्या भानगडी तिच्याकडे येऊन सांगतात. ती एकटी आहे, पण तिला स्वतःचं घडवलेलं एक आयुष्य आहे. मॉरिसला पाहून तिला राग येत नाही, फक्त हा माणूस आता आपल्या काही उपयोगाचा नाही हे कळतं. तो नकार मला अडसरापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. सिनेमात ती म्हणते की निष्ठुरपणा मी उस्तादांकडून शिकलेय. वाक्य अंगावर येतं, मान्य. पण त्याचा अर्थ असाही होतो की शेवटी बापच जिंकला, ती त्याच्यासारखी झाली. जेम्सची कॅथरीन बापासारखी होत नाही, आणि त्या कादंबरीत मला हेच सर्वात मोलाचं वाटतं.

दुसरं म्हणजे कादंबरीत एक अस्सल नाट्यमय प्रसंग आयता होता. म्हातारे झालेले डॉक्टर तिच्याकडून वचन मागतात की माझ्यामागे मॉरिसशी लग्न करणार नाहीस. तिचा लग्नाचा विचार उरलेलाच नाही. एका शब्दाने बाप सुखी होईल, पैसा वाचेल. तरी ती वचन देत नाही. का, हे सांगतही नाही. बाप मृत्युपत्र बदलतो. हा प्रवेश सोडून देणाऱ्या नाटककारांना मी तरी शंभर टक्के गुण देणार नाही. १९९७ साली अग्निएश्का हॉलंडने पुन्हा कादंबरीच्या मूळ नावाने सिनेमा केला तो यासाठीच असावा असं मला वाटतं, तोही पाहा.

तिसरी घंटा:

अबोली, ते अंतर हरवलं हे खरं आहे आणि त्याची भरपाई झालेली नाही. वीस वर्षं मंचावर आणायची म्हणजे पांढरे केस, रंगभूषा आणि 'दरम्यान बराच काळ गेला' असं सांगणारी एखादी मोलकरीण. त्याने तुम्ही म्हणता तो नकार उभा राहिला नसता, हेही तितकंच खरं.

वचनाचा प्रवेश मात्र त्यांनी सोडलेला नाही. तो हलवलाय. मॉरिस न आल्यानंतरचा बाप-लेकीचा प्रवेश पुन्हा पाहा. डॉक्टर आजारी आहेत, आपलं आजारपण त्यांनी स्वतःच ओळखलंय. ते मृत्युपत्राचा विषय काढतात. कॅथरीन कागद-लेखणी घेऊन बसते आणि म्हणते, सांगा, मी लिहून घेते. मी लग्न करीन की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही, तेव्हा आत्ताच बदलून टाका. बाप बदलत नाही. एकुलत्या एक मुलीला बेदखल करायला त्याचा हात धजत नाही. कादंबरीत ती गप्प राहते आणि पैसा जातो. इथे ती लेखणी उचलते आणि पैसा राहतो. म्हणून तर नाटकाचं नाव 'द एअरेस', म्हणजे 'वारसदार', झालं. हट्ट तोच आहे, वचन न देण्याचा. निवेदक नसल्यामुळे तो तिला बोलून दाखवावा लागला एवढंच.

तुमचा 'बाप जिंकला' हा मुद्दा मला खोडता येत नाही. नाटक वाचताना मलाही तसंच वाटतं. सिनेमा पाहताना मात्र वाटत नाही, आणि याचं श्रेय वायलरचं आहे. पटकथा तीच माणसं लिहितायत, शब्द बरेचसे तेच आहेत, तरी निवेदकाची जागा पुन्हा कुणीतरी घेतलीय. ती कॅमेऱ्याने घेतलीय. वायलर कट कमी करतो, दोन-तीन माणसं एकाच चौकटीत राहू देतो. बाप बोलत असतो आणि त्याच चौकटीत आपण मुलीचं ऐकणं बघत असतो. जेम्सचं वाक्य एकाच वेळी दोघांकडे बघायचं, तसंच हे.

आणि तो जिना. कलादिग्दर्शक हॅरी हॉर्नरने त्या घरात जिन्याला एखाद्या पात्राइतकं महत्त्व दिलं. (कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. त्याशिवाय डी हॅविलंडला, वेशभूषेला आणि संगीताला, अशी एकूण चार.) सुरुवातीला कॅथरीन त्याच जिन्यावरून लाल झगा घालून आनंदात उतरते. मॉरिस आला नाही त्या पहाटे ती सामान घेऊन तोच जिना चढते. या दृश्याची एक हकिगत प्रसिद्ध आहे. वायलरचं टेकमागून टेकने समाधान होईना. बॅग रिकामी आहे हे लक्षात आल्यावर त्याने ती पुस्तकांनी भरायला लावली. पडद्यावर ते वजन दिसतं. तिचा हात ओढला जातो, खांदा उतरतो, प्रत्येक पायरीला शरीर मागे राहतं. एक शब्द नाही. हे जेम्सच्या जवळचं आहे, कारण त्याची कॅथरीनही दुःख बोलून दाखवत नाही.

मग शेवटी ती दिवा घेऊन तोच जिना चढते तेव्हा चेहऱ्यावर काय आहे? मी अनेकांना विचारलंय आणि दोन माणसांचं एकमत झालेलं पाहिलेलं नाही. कुणाला विजय दिसतो, कुणाला बर्फ, मला सुटका दिसते. संवादात ती सूड घेणारी बाई आहे, चेहऱ्यात ती तुमची कॅथरीनसुद्धा आहे. कथानकाने सिनेमा कादंबरीपासून सगळ्यात लांब गेला आणि रीतीने तिच्या सगळ्यात जवळ आला, असं माझं ठाम मत आहे.

मॉरिसचंही तसंच. कादंबरीत तो लोभी आहे हे निवेदक आपल्याला फार काळ लपवून ठेवत नाही. सिनेमात मॉन्टगोमेरी क्लिफ्टचा चेहरा बघून आपण स्वतः फसतो. पुन्हा पाहताना मी दर वेळी त्याची एखादी नजर खरी मानायला तयार होतो. बापाचं म्हणणं बरोबर होतं आणि तरीही तो चुकला, हे त्यामुळेच जास्त टोचतं. आणि राल्फ रिचर्डसनचे डॉक्टर! सिनेमानंतर लंडनला गिलगुडच्या दिग्दर्शनाखाली पेगी अॅशक्रॉफ्टबरोबर त्यांनी हीच भूमिका मंचावर केली. असा आवाज असलेला माणूस सिनेमात किती हळू बोलतो बघा. तो ओरडला असता तर मुलीला त्याचा राग करता आला असता.

शाईची दौत:

दोघांचेही आभार. जिन्यासाठी आज पुन्हा पाहिला. त्या बॅगेचं वजन आता डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता माझ्या कामाचं विचारते. माझ्या कादंबरीतही निवेदक भारी आहे, निम्मी गंमत त्याच्या बोलण्यात आहे. सरळ सूत्रधार आणला तर? आपल्याकडे ती सोय आहे की.

तिसरी घंटा:

आणा, पण एक परीक्षा घेऊन. निवेदकाची वाक्यं वेगळी उतरवून काढा आणि प्रत्येकापुढे लिहा की हे कोणत्या पात्राला माहीत आहे. ज्या वाक्यापुढे नाव येईल ते सूत्रधाराला देऊ नका, त्या पात्राला द्या, आणि शक्य तर बोलायला न देता करायला द्या. ज्यापुढे कुणाचंच नाव येत नाही तेवढंच सूत्रधाराचं. बहुतेक वेळा हे दुसरं पान फार छोटं निघतं. सूत्रधार सगळंच बोलायला लागला की नटांच्या वाट्याला चित्रं दाखवण्याचं काम उरतं. दोन तालमींत नट कंटाळतात आणि तिसऱ्या तालमीला ते प्रेक्षकालाही दिसायला लागतं.

स्थळांचंही आत्ताच बघा. कादंबरीत डॉक्टर स्वतः मॉरिसच्या बहिणीच्या घरी चौकशीला जातात. तिचं छोटं घर, तिची पाच मुलं, सगळं त्यांच्या नजरेने दिसतं. नाटकात एकच दिवाणखाना, म्हणून बहिणीला तिथे बोलावलं. गेलं काय, तर तिचं घर. मिळालं काय, तर ती कॅथरीनला समोर पाहते आणि आपण कॅथरीनकडे एका परक्या, भल्या बाईच्या डोळ्यांनी बघतो. उलट बाप-लेकीच्या युरोपच्या प्रवासातला आल्प्समधला प्रसंग, जिथे बाप संधिप्रकाशात निर्जन दरीत तिला आपण किती कठोर होऊ शकतो ते सांगतो, तो हलवता येण्यासारखा नव्हता. त्याची भीती त्या जागेत आहे. तो त्यांनी सोडला, आणि सिनेमानेही युरोप पॅरिसच्या जरा वेळात आटोपला. तुमच्या कादंबरीत असा कोणता प्रसंग आहे जो जागेवरून उचलला की मरतो, तो आधी शोधून ठेवा.

अबोली:

यात एक भर. याच गोएट्झ दांपत्याने १९५२ मध्ये वायलरसाठीच ड्रायझरच्या कादंबरीवरून 'कॅरी' लिहिला. लॉरेन्स ऑलिव्हिए, जेनिफर जोन्स. मधे नाटक नव्हतं, थेट कादंबरीवरून पडदा. ऑलिव्हिए त्यात अप्रतिम आहे, पण सिनेमा चालला नाही, आणि मला तरी तो प्रसंगांची रांग वाटतो. 'द एअरेस'ला रंगमंचावर आधी जी तासणी मिळाली ती 'कॅरी'ला मिळाली नाही. कादंबरीच्या बाजूने भांडून झाल्यावर हेही मला सांगायलाच हवं.

आणि संगीताबद्दल कुणीच बोललं नाही! एरन कोपलंडला या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, पण श्रेयनामावलीवर वाजतं ते सगळं त्याचं नाही. त्याने लिहिलेल्या सुरुवातीच्या संगीताच्या जागी मॉरिस पियानोवर गातो त्या जुन्या फ्रेंच प्रेमगीताची सुरावट घातली गेली. कोपलंडने तो भाग आपला नाही असं जाहीर केलं. पळून जायच्या रात्रीचं संगीत मात्र त्याचंच आहे. ते हेडफोन लावून ऐका.

तिसरी घंटा:

'कॅरी'बद्दल सहमत. शाईची दौत, पहिला अंक लिहून झाला की इथे टाका, आणि सोबत ती दोन पानंही टाका: कोणती वाक्यं पात्रांकडे गेली आणि कोणती सूत्रधाराकडे उरली. त्यावर बोलू.